इंडिकस, इंडिका, इंडिकम : एका लॅटिन विशेषणाची कुळकथा

पोळ्याच्या निमित्ताने मी पारशिवनीला मावसबहिणीकडे गेलो होतो. पेंच प्रकल्पाच्या पाण्यावर उभ्या असलेल्या धानाच्या बांध्या हिरव्यागार झाल्या होत्या. आदल्या दिवशी सजवलेले बैल आता झुली उतरवून गोठ्यात निवांत रवंथ करीत होते, आणि तान्हा पोळा म्हणून गावातली लहान मुले लाकडी नंदी घेऊन घरोघर हिंडत होती. दहावीत शिकणारा भाचा मात्र ओसरीवर वही उघडून बसला होता. ‘आपल्या परिसरातील सजीव’ या विषयावर त्याने एक तक्ता केला होता. डाव्या बाजूस मराठी नाव, उजव्या बाजूस शास्त्रीय नाव. बैल : बॉस इंडिकस. आंबा : मँजिफेरा इंडिका. तीळ : सिसॅमम इंडिकम. चिंच : टॅमरिंडस इंडिकस. या शेवटच्या नावावर शिक्षकांनी लाल शाईने काट मारून ‘इंडिका’ असे दुरुस्त केले होते.

“मामा, ‘बॉस’च्या पुढे इंडिकस आलं, तर ‘टॅमरिंडस’च्या पुढे का नाही? उलट टॅमरिंडसच्या शेवटी तर ‘अस’ आहेच,” त्याने विचारले.

त्याची शंका रास्त होती आणि शिक्षकांची दुरुस्तीही बरोबर होती. माझे वडील लहानपणी वेदीसेवक होते. मिस्सा लॅटिनमध्ये होत असे त्या काळी धर्मगुरूंना द्यायची सारी उत्तरे त्यांना मुखोद्गत होती. त्यांच्याकडून ऐकलेले आणि पुढे हौसेने शिकलेले थोडेफार लॅटिन माझ्या कामी आले. पण रात्री जेवणे झाल्यावर त्याच मुलाने हळूच आणखी एक प्रश्न विचारला. “मामा, वर्गातला एक मुलगा म्हणाला, तुमची नावं इथली नाहीत. मग आपण मूळचे कुठले?”

पहिला प्रश्न व्याकरणाचा होता, दुसरा मनाला लागलेला. विचार करता करता माझ्या ध्यानात आले की दोन्ही प्रश्नांना पुरेल इतका इतिहास त्या एका विशेषणात साठवलेला आहे. तोच येथे सांगतो.

विशेष्याच्या आज्ञेत

लॅटिन विशेषणाची चाल मराठी माणसाला परकी वाटू नये. आपण ‘चांगला मुलगा, चांगली मुलगी, चांगले मूल’ म्हणतो. लॅटिन भाषक ‘बोनुस, बोना, बोनुम’ म्हणतो. आपल्यासारखीच त्या भाषेला तीन लिंगे आहेत आणि विशेषण नामाच्या लिंगाप्रमाणे आपला शेवट बदलते. इंग्रजीने हा भेद केव्हाच टाकून दिला, म्हणून इंग्रजीतून लॅटिनकडे जाणाऱ्यास तो अवघड वाटतो. आपल्या कानांना मात्र तो ओळखीचा आहे. जुन्या प्रार्थनांत ‘स्पिरितुस सांक्तुस’ म्हणजे पवित्र आत्मा, पण पवित्र मरियेसाठी ‘सांक्ता मारिया’. लॅटिनमधला क्रूस, म्हणजे ‘क्रुक्स’, हा स्त्रीलिंगी शब्द. त्याचे लिंग पोर्तुगीज भाषेनेही जपले, म्हणून मुंबईचे उपनगर ‘सांताक्रूझ’ झाले. तेथे ‘सांतो’ चालले नसते.

‘इंडिकस’ याच कुळातले विशेषण आहे. शाळेच्या पुस्तकांत आपण इंडिकस, इंडिकम लिहितो. देवळातल्या लॅटिनमध्ये त्याचा उच्चार इंदिकुस, इंदिकुम असा होईल. अर्थ एकच : इंडियाचा, इंडियाची, इंडियाचे. बैल पुल्लिंगी मानला, म्हणून बॉस इंडिकस. मँजिफेरा स्त्रीलिंगी, म्हणून इंडिका. तिळाचे नाव सिसॅमम हे नपुंसकलिंगी, म्हणून इंडिकम. एका शेतकऱ्याच्या अंगणात तिन्ही लिंगे नांदतात ती अशी. मराठीत आंबा आणि तीळ हे दोन्ही पुल्लिंगी आहेत, परंतु लिंग हा ज्या त्या भाषेचा घरगुती व्यवहार आहे. एकीचा हिशेब दुसरीला लागू पडत नाही.

मग चिंचेचे काय? लॅटिनमध्ये एक जुनी रीत आहे. झाडांची नावे, शेवट ‘उस’ असला तरीही, बहुधा स्त्रीलिंगी मानली जातात. रोमन लोक झाडांना जणू फळांच्या माता समजत. याचा दाखला प्रत्येक गावाच्या पारावर उभा आहे. पिंपळाचे शास्त्रीय नाव फायकस रिलिजिओसा. शब्द ‘फायकस’, पण विशेषण ‘रिलिजिओसा’, ‘रिलिजिओसस’ नव्हे. त्याच नियमाने टॅमरिंडस इंडिका. भाच्याने शब्दाचा शेवट पाहून विशेषण जुळवले. लॅटिन शब्दाचे लिंग पाहते.

हे झाले प्रथमेचे रूप. लॅटिनला सहा विभक्ती आहेत आणि विशेषण त्या प्रत्येकीत नामाच्या मागे जाते. एकवचनात षष्ठी इंडिकी, इंडिकाए, इंडिकी. चतुर्थी इंडिको, इंडिकाए, इंडिको. द्वितीया इंडिकम, इंडिकाम, इंडिकम. आपल्या तृतीया-पंचमीचे काम करणारी विभक्ती इंडिको, इंडिका, इंडिको. आणि संबोधन इंडिके, इंडिका, इंडिकम. अनेकवचनात प्रथमा इंडिकी, इंडिकाए, इंडिका. षष्ठी इंडिकोरम, इंडिकारम, इंडिकोरम. द्वितीया इंडिकोस, इंडिकास, इंडिका. आणि चतुर्थी-पंचमीला तिन्ही लिंगांत एकच रूप, इंडिकीस. आपल्या ‘चांगला’चे विभक्तीपूर्वी नुसते ‘चांगल्या’ होऊन भागते. लॅटिन विशेषणाला मात्र नामाबरोबर अखेरपर्यंत चालावे लागते.

या रूपांत एक गंमत दडली आहे. ‘इंडिका’ हे स्त्रीलिंगी एकवचन आहे, तसेच ते नपुंसकलिंगी अनेकवचनही आहे. दुसऱ्या अर्थाने घेतले तर ‘इंडिका’ म्हणजे इंडियाविषयीच्या गोष्टी. ग्रीक भाषेतही हेच रूप आहे. म्हणून इ.स.पूर्व ३०० च्या सुमारास चंद्रगुप्त मौर्याच्या दरबारी आलेल्या मेगॅस्थेनीसच्या ग्रंथाचे नाव ‘इंडिका’ असे पडले. तो ग्रंथ आज संपूर्ण उपलब्ध नाही. पुढच्या लेखकांनी घेतलेल्या उताऱ्यांतूनच तो आपल्याला माहीत आहे.

सगळी लॅटिन विशेषणे मात्र तीन रूपांची नसतात. गावावरून किंवा प्रांतावरून विशेषण बनवताना लॅटिन अनेकदा ‘एन्सिस’ हा प्रत्यय लावते. तो आपल्या ‘कर’ प्रत्ययासारखा आहे आणि पुल्लिंग-स्त्रीलिंगात बदलत नाही. जसे नागपूरकर गृहस्थ आणि नागपूरकर बाई. वडाचे नाव फायकस बेंगालेन्सिस, म्हणजे बंगालकर वड म्हणा ना! १८८७ साली स्थापन झालेल्या आपल्या नागपूर धर्मप्रांताचे लॅटिन नावही ‘नागपुरेन्सिस’ असेच आहे. रोमच्या कागदपत्रांत आपले संत्रानगर अशा रीतीने लॅटिन विशेषण होऊन बसले आहे.

सिंधूपासून रोमपर्यंत

आता या विशेषणाचे मूळ पाहू. ते परक्या भूमीत शोधण्याची गरज नाही, ते सिंधूच्या काठी आहे. ‘सिंधु’ म्हणजे नदी, मोठा जलप्रवाह. प्राचीन इराणी भाषेत संस्कृत ‘स’च्या जागी ‘ह’ येतो. याचा पुरावा आपण रोज बोलतो. आठवड्यासाठी आपल्याकडे ‘सप्ताह’ही आहे आणि ‘हप्ता’ही. पहिला संस्कृतातील ‘सप्त’पासून आला, दुसरा फारसीतील ‘हफ्त’पासून, दोन्हींचा अर्थ सात. सप्ताचा हफ्त झाला त्याच चालीने सिंधूचा ‘हिंदु’ झाला. अवेस्ता या इराणी धर्मग्रंथात सप्तसिंधूला ‘हप्त हिंदु’ म्हटले आहे, आणि इ.स.पूर्व ५०० च्या सुमारास सम्राट दारयवहूच्या शिलालेखांत त्याच्या प्रांतांच्या यादीत ‘हिंदुश’ हे नाव येते.

इराणच्या साम्राज्यात आशिया मायनरच्या किनाऱ्यावरचे ग्रीक लोकही होते. त्यांच्या बोलीत शब्दारंभीचा ‘ह’ गळून पडे. त्यामुळे हिंदूचे ‘इंदोस’ झाले, नदीपलीकडच्या देशाला ‘इंदिया’ नाव मिळाले आणि विशेषण झाले ‘इंदिकोस’. ग्रीकांपासून ते रोमनांनी घेतले, तेव्हा ‘इंदिकुस’ हे रूप सिद्ध झाले. त्यातला ‘इक’ हा प्रत्ययही आपल्या ओळखीचा आहे. नगर-नागरिक, धर्म-धार्मिक, वर्ष-वार्षिक यांतला आपला ‘इक’ आणि ग्रीक-लॅटिनमधला ‘इक’ हे एकाच कुळातले मानले जातात. म्हणजे प्रकृतीही आपली आणि प्रत्ययही भाऊबंदांचा.

सिंधूचे घरचे विशेषण वेगळेच आहे. संस्कृतात ‘सिंधूचा’ म्हणजे सैंधव. सिंधूच्या प्रदेशातून येणारे मीठ ते सैंधव लवण, आणि त्याचे मराठीत झाले शेंदेलोण. उपासाच्या दिवशी ज्या घरांत शेंदेलोण वापरतात आणि ज्या शाळेत मँजिफेरा इंडिका शिकवतात, तेथे एकाच नदीची दोन विशेषणे नांदत असतात. एक घरी राहिले, दुसरे इराण, ग्रीस आणि रोम करून दोन हजार वर्षांनी शाळेच्या वहीतून परत आले.

व्यापारी, प्रवासी, धर्मगुरू

रोमन लोकांना हे विशेषण मुख्यतः व्यापारामुळे लागे. मिरी, मोती, सुती कापड आणि रंग. यांतल्या एका रंगाला तर त्यांनी नुसतेच ‘इंडिकम’ म्हटले, म्हणजे ‘इंडियाचे ते’. इसवी सनाच्या पहिल्या शतकातील प्लिनी या लेखकाने त्याचा उल्लेख केला आहे. ती आपली नीळ. नपुंसकलिंगी विशेषण येथे स्वतःच नाम होऊन बसले. त्याच शब्दापासून पुढे युरोपीय भाषांत ‘इंडिगो’ आला. १८६३ साली जर्मनीतील फ्रायबर्ग येथे राइश आणि रिश्टर या शास्त्रज्ञांना एक नवे मूलद्रव्य सापडले. त्याच्या वर्णपटात निळीसारखी गडद रेषा दिसली, म्हणून त्यांनी त्याला ‘इंडियम’ हे नाव दिले. सिंधू नदी अशा रीतीने मूलद्रव्यांच्या तक्त्यातही वाहते आहे.

ख्रिस्ती इतिहासातही हे विशेषण लवकर येते. सहाव्या शतकात अलेक्झांड्रियाच्या कॉस्मस नावाच्या व्यापाऱ्याने, जो पुढे भिक्षू झाला असे सांगतात, ग्रीक भाषेत एक ग्रंथ लिहिला. त्याला पुढे ‘इंडिकोप्लुस्तेस’ हे टोपणनाव मिळाले. त्याचा अर्थ ‘इंडियाकडे जलप्रवास केलेला’. कॉस्मस लिहितो की ‘कॅलियाना’ येथे ख्रिस्ती लोक असून इराणहून नेमलेला बिशपही आहे. हे कॅलियाना म्हणजे आपले कल्याण, असे बहुतेक अभ्यासकांचे मत आहे.

त्यानंतर सुमारे आठशे वर्षांनी, १३२१ मध्ये, ठाण्यास चार फ्रान्सिस्कन मिशनरी हुतात्मा झाले. त्यांच्याबरोबर आलेला डोमिनिकन धर्मगुरू जोर्दानुस त्या वेळी अन्यत्र होता. त्याने परतल्यावर त्यांचे देह सोपाऱ्यास नेऊन दफन केले. या जोर्दानुसने इंडियातील नवलांविषयी लॅटिनमध्ये एक लहानसे पुस्तक लिहिले आहे. त्यात फणसाचे वर्णन आहे, आणि प्लमसारख्या, पण फार मोठ्या आणि अतिशय गोड अशा आणखी एका फळाचेही. त्या फळाचे नाव छापील प्रतीत ‘अनिबा’ असे आढळते. तो ‘आंबा’च असला पाहिजे आणि नकलाकाराने अक्षरे चुकीची लावली असावीत, हे उघड दिसते. ज्ञानेश्वरीनंतर काही दशकांनी ठाण्याच्या बाजारातला एक शब्द लॅटिन ग्रंथात गेला आणि आपला कानामात्रा हरवून बसला.

गोव्याचा छापखाना आणि स्वीडनचा पंडित

आंब्याचे शास्त्रीय नाव ‘मँजिफेरा’ मात्र उत्तरेकडच्या ‘आंबा’पासून आलेले नाही. दक्षिणेतील ‘मांगा’ हा शब्द पोर्तुगिजांनी उचलला आणि त्याला ‘धारण करणारी’ या अर्थाचे लॅटिन ‘फेरा’ जोडले गेले. या वाटेवरचा एक मोठा टप्पा गोवा होय. १५६३ साली गोव्यात गार्सिया द ओर्ता या वैद्याचा पोर्तुगीज ग्रंथ छापला गेला. भारतातील औषधी वनस्पती आणि फळे यांवर संवादरूपाने लिहिलेला तो ग्रंथ आहे. ओर्ताकडे मुंबई बेट भाडेपट्ट्याने होते आणि तेथे वर्षातून दोनदा फळणारा आपला एक आंबा आहे, असे तो अभिमानाने सांगतो. चिंचेवरही त्यात एक प्रकरण आहे. चारच वर्षांनी, १५६७ साली, क्लुसियस या वनस्पतिशास्त्रज्ञाने त्याचा लॅटिन सारांश अँटवर्प येथे प्रसिद्ध केला आणि आपली फळे युरोपभर ज्ञात झाली.

पुढचा टप्पा केरळचा. डच अधिकारी व्हान रेडे याच्या पुढाकाराने ‘हॉर्तुस मलबारिकुस’ हा बारा खंडांचा लॅटिन ग्रंथ १६७८ ते १६९३ या काळात अ‍ॅमस्टरडॅम येथे छापला गेला. त्याच्या प्रारंभीच्या कामात मॅथ्यू या कार्मेलाईट संन्याशाचा हातभार होता. वनस्पतींची माहिती इट्टी अच्युतन या मल्याळी वैद्याने आणि रंगभट, विनायक पंडित व आपुभट या तीन कोकणी ब्राह्मण वैद्यांनी पुरवली. त्या तिघांचे नागरी लिपीतील कोकणी प्रमाणपत्र पहिल्या खंडात छापलेले आहे. लॅटिन ग्रंथाच्या उंबरठ्यावर आपली लिपी उभी आहे, हे पाहून समाधान वाटते.

या साऱ्या साहित्याचा उपयोग करून स्वीडनच्या कार्ल लिनियसने १७५३ साली वनस्पतींना दोन शब्दांची नावे देण्याची पद्धत रूढ केली. पहिला शब्द कुळाचा, दुसरा ओळखीचा. मँजिफेरा इंडिका, टॅमरिंडस इंडिका, सिसॅमम इंडिकम ही तिन्ही नावे त्याच वर्षीची. बॉस इंडिकस १७५८ चा. कडुनिंबाचे अझाडिरॅक्टा इंडिका हे नाव १८३० मध्ये जुस्यू या फ्रेंच शास्त्रज्ञाने दिले. त्यातला पहिला शब्द ‘आझाद दरख्त’ या फारसी शब्दांचा, म्हणजे ‘थोर वृक्ष’ अशा अर्थाचा आहे. पारशिवनीच्या बांध्यांत पिकणाऱ्या धानाच्या प्रकारालाही शास्त्रज्ञ ‘इंडिका’ म्हणतात. ते नाव १९२८ साली जपानी शास्त्रज्ञ कातो यांनी ठेवले.

पाटी आणि मूळ

येथवर सारे सुरळीत दिसते. इंडियातील वस्तूला इंडिकस म्हटले, एवढेच. परंतु बारकाईने पाहिले की कित्येक पाट्या चुकीच्या निघतात.

चिंचेचेच घ्या. अरबांनी तिला ‘तमर हिंदी’ म्हटले, म्हणजे ‘हिंदचा खजूर’. त्यावरून मध्ययुगीन लॅटिनमध्ये ‘टॅमरिंडस’ शब्द आला आणि लिनियसने त्यापुढे ‘इंडिका’ जोडले. म्हणजे तिच्या नावात हिंदुस्थान दोनदा आहे. आणि वनस्पतिशास्त्र सांगते की चिंच मूळची आफ्रिकेची! ती फार प्राचीन काळी आपल्याकडे आली आणि इतकी रुजली की अरबांना ती इथलीच वाटली.

घराघराच्या परसात असते ती कर्दळ. तिचे नाव कॅना इंडिका. ती मूळची अमेरिकेची. त्यामागे एक मोठी ऐतिहासिक चूक आहे. १४९२ साली कोलंबस अमेरिकेच्या बेटांवर उतरला आणि आपण इंडियाला पोहोचलो असे समजला. १४९३ मध्ये त्याच्या पत्राचा लॅटिन अनुवाद रोममध्ये छापला गेला, त्याच्या मथळ्यातही गंगेपलीकडच्या इंडियातील बेटे असाच उल्लेख आहे. चूक उमगली तरी नाव टिकले. मेक्सिकोचे निवडुंग ‘फायकस इंडिका’, म्हणजे इंडियाचे अंजीर, झाले. आणि तेथील मूळ रहिवासी आपल्याच भूमीत ‘इंडियन’ ठरले. हिवाळ्यात विदर्भाच्या तलावांवर उतरणाऱ्या पट्टकादंब हंसाचेही तसेच. त्याचे नाव आन्सर इंडिकस, पण तो अंडी घालतो तिबेट-मंगोलियाकडे. ज्याने नाव दिले त्याच्या लेखी तो इंडियाचा.

तिळाची पाटी मात्र बरोबर आहे. शेतीतला तीळ याच उपखंडातील रानटी तिळापासून आला असे अभ्यासक मानतात. आंब्याचेही माहेर ईशान्य भारत आणि म्यानमारच्या परिसरातले.

यावरून एक गोष्ट ध्यानात येते. ‘इंडिकस’ हे विशेषण घरच्या माणसाने कधी वापरलेले नाही. पारशिवनीचा शेतकरी आपल्या आंब्याला भारतीय आंबा म्हणत नाही. तो म्हणतो ‘बांधावरचा’, ‘विहिरीजवळचा’. दुरून पाहणाऱ्यालाच असे विशेषण लागते. म्हणून ते त्या वस्तूच्या जन्माची साक्ष देईलच असे नाही; नाव ठेवणाऱ्याने ती कोठे पाहिली, कोणाकडून घेतली आणि काय समजून घेतली, याची साक्ष ते निश्चित देते.

झाडांच्या बाबतीत अशी चूक निरुपद्रवी असते. माणसांच्या बाबतीत ती तशी राहत नाही. ज्या गार्सिया द ओर्ताने आंबा-चिंचेची ओळख जगाला करून दिली, त्याच्या आईवडिलांना पोर्तुगालमध्ये सक्तीने ख्रिस्ती करण्यात आले होते. ते मूळचे ज्यू. आयुष्यभर त्याच्या घराण्यावर ‘नवख्रिस्ती’ ही पाटी राहिली. तो १५६८ मध्ये वारला. पुढच्याच वर्षी त्याच्या बहिणीला गोव्याच्या इन्क्विझिशनने जिवंत जाळण्याची शिक्षा दिली, आणि १५८० मध्ये त्याची स्वतःची हाडे उकरून जाळण्यात आली. आपल्या इतिहासातले हे पान झाकून ठेवण्यात अर्थ नाही. इ.स. २००० च्या मार्च महिन्यात पोप दुसरे जॉन पॉल यांनी, सत्याच्या रक्षणाच्या नावाखाली ख्रिस्तसभेच्या लोकांकडून घडलेल्या अशा कृत्यांबद्दल जाहीरपणे देवाची क्षमा मागितली. दुसऱ्याचे मूळ शोधून त्यावरून त्याचे मोल ठरवण्याचा मोह कोणालाही होऊ शकतो, हे आपण विसरू नये.

दगडातली ‘इंडिका’

आणखी एक ‘इंडिका’ पारशिवनीच्या अगदी जवळ, जमिनीखाली आहे. कन्हान-कामठीच्या परिसरात कोळसा आहे. तेथील एका खडकस्तराला भूशास्त्रात कामठीचेच नाव आहे. नागपूरला एकोणिसाव्या शतकात आलेले स्कॉटिश मिशनरी स्टीफन हिस्लॉप आणि रॉबर्ट हंटर यांनी या भागातील खडकांतून पानांचे जीवाश्म गोळा केले, आणि १८६१ साली बनबरी या अभ्यासकाने त्यांचे वर्णन लंडनमध्ये प्रसिद्ध केले. जिभेच्या आकाराच्या या पानांना ‘ग्लॉसॉप्टेरिस’ म्हणतात. शब्द स्त्रीलिंगी, म्हणून त्यातल्या एका प्रसिद्ध जातीचे नाव ग्लॉसॉप्टेरिस इंडिका.

१९१२ मध्ये कॅप्टन स्कॉट आणि त्याचे सोबती दक्षिण ध्रुवाहून परतताना बर्फात मरण पावले. शेवटपर्यंत त्यांनी सुमारे सोळा किलो दगड आपल्या घसरगाडीवर ओढत आणले होते. १९१४ मध्ये सीवर्ड या शास्त्रज्ञाने त्या दगडांतील पाने तपासली आणि ओळखली : ग्लॉसॉप्टेरिस इंडिका. जेथे आज गवताचे पातेही उगवत नाही तेथे ‘इंडियाची’ पाने! सुमारे पंचवीस-तीस कोटी वर्षांपूर्वी भारत, आफ्रिका, ऑस्ट्रेलिया, दक्षिण अमेरिका आणि अंटार्क्टिका हे सारे एका भूखंडाचे भाग होते. त्या भूखंडाला आपल्याच गोंडवनावरून ‘गोंडवाना’ म्हणतात. ती पाने ज्या भूमीवर वाढली ती ना इंडिया होती ना अंटार्क्टिका. आणि पाटी लिहायला माणूसही नव्हता.

दुसऱ्या दिवशी मी हे सारे भाच्याला जमेल तसे सांगितले. कल्याणच्या प्राचीन ख्रिस्ती लोकांचे आपण वंशज आहोत, असे काही मी त्याला सांगितले नाही. तसा पुरावा माझ्यापाशी नाही, आणि आपले येथले असणे त्या पुराव्यावर अवलंबूनही नाही. मी एवढेच म्हणालो की आपल्या नावांपैकी काही हिब्रू, काही ग्रीक, काही लॅटिन आहेत हे खरे. ती प्रवास करून आली. पण तुझे पणजोबा याच मातीत राबले आणि तुझी आई याच विहिरीचे पाणी भरते. त्या मुलाशी भांडू नकोस; त्याला गावाबाहेरच्या चिंचेची गोष्ट सांग.

तो थोडा वेळ गप्प राहिला. मग त्याने विचारले, “मामा, पारशिवनीकरला लॅटिनमध्ये काय म्हणतील?”

असा शब्द कोणी केलेला नाही; पण नागपुरेन्सिसच्या चालीवर करायचाच तर ‘पारशिवनिएन्सिस’ होईल, असे मी म्हणालो. त्याने वहीच्या पहिल्या पानावर आपल्या नावापुढे तो शब्द काळजीपूर्वक लिहिला. ते पाहून धाकट्या भाचीने आपलीही वही पुढे केली आणि विचारले, “मी मुलगी आहे. मला शेवट बदलावा लागेल का?”

“नाही,” मी सांगितले. “हा शब्द दोघांनाही तसाच लागतो.”

तिनेही लिहिला.